उंबऱ्याच्या आतलं देणं-घेणं

या महिन्यात निवडलेली पत्रं घरात अडकून पडलेल्यांची आणि त्यांच्या माणसांची आहेत. कुणाचं हाड मोडलंय, कुणाला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, कुणाला वयच आता जिना उतरू देत नाही. प्रश्न वेगवेगळे आहेत, पण एक गोष्ट बहुतेक उत्तरांत येईल, म्हणून ती आधीच सांगतो. पाणी, जेवण, औषध, आधार असं सगळं दिवसभर दुसऱ्याच्या हातून घेणाऱ्या माणसाला कृतज्ञ राहणं फार जड जातं. घेण्याचं ओझं वाढतं आणि त्या ओझ्याखाली मन कोरडं पडतं. म्हणून त्याच्याकडे रोजचं एक तरी देणं असावं. लहान का असेना, पण स्वतःचं आणि ठरल्या वेळेचं.

प्रश्न: बरीच वर्षं आळंदीहून पंढरपूरला पायी जातो. यंदा घरातच पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला. आषाढीला जाणं होणार नाही. देवासमोर खाली बसता येत नाही, वाकून नमस्कारही करता येत नाही. मन कशातच लागत नाही.
— एक वारकरी, जुन्नर

उत्तर: माउली, आधी शरीराचं बोलू, कारण पूजेच्या ओघात सांधा निखळल्याची उदाहरणं असतात. बदललेल्या खुब्याला सुरुवातीचे साधारण तीन महिने काटकोनापेक्षा जास्त वाकवायचं नसतं. म्हणजे मांडी, पाट, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं आणि वाकून जमिनीला हात लावणं, सगळं बंद. तुमच्या सर्जननी वेगळी मुदत सांगितली असेल तर तीच धरा.

मग देव वर आणा. २८ ते ३० इंच उंचीचं टेबल, त्यावर तसबीर किंवा मूर्ती, आणि समोर हातांची खुर्ची. खुर्चीची बैठक जमिनीपासून १८ ते २० इंच हवी. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर येत असेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवा. मऊ उशी बसल्यावर दबते आणि उंचीचा हिशेब चुकतो. फुलं, गंध, बुक्का, अष्टगंध हे सगळं कोपर न ताणता हाताला येईल असं ताटात मांडून ठेवायला सांगा. काही खाली पडलं तर ते पडलेलंच राहू द्या, घरातलं कुणी येऊन उचलेल. समईचं तेल फरशीवर सांडलं तर मात्र तसंच ठेवू नका. वॉकरचा रबरी पाय त्यावर घसरतो आणि दुसऱ्यांदा पडणं हे पहिल्यापेक्षा फार वाईट असतं. देवापुढची छोटी सतरंजीही तूर्त गुंडाळून ठेवा.

हरिपाठ संध्याकाळी नेमाने म्हणा, पण पहिल्या महिन्यात एका बैठकीत पुरा करण्याचा हट्ट नको. वीस मिनिटं बसलं की पाय जड होतो, पायावर सूज येते. अर्धा बसून, अर्धा पलंगावर पाय लांब करून म्हटला तरी नेम मोडत नाही. गावातली भजनी मंडळी फोनवर जोडून घ्या. एक अडचण येईल. दोन्हीकडून टाळ वाजले की ठेका जुळत नाही, कारण फोनवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो. टाळ फक्त मंडळाकडे ठेवा, तुम्ही म्हणताना तुमचा माइक बंद ठेवा आणि एक अभंग तुमचा एकट्याचा ठरवून घ्या, त्या वेळी तिकडे टाळ थांबेल.

वारी चुकल्याचं दुःख आहेच, ते आम्ही हलकं करून सांगणार नाही. एवढं आठवा, की २०२० साली साथीमुळे पालख्या पायी निघाल्याच नाहीत. ३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, १ जुलैला आषाढी झाली आणि लाखो वारकऱ्यांनी ती घरातून केली. त्यांच्यातल्या कुणाची वारी खंडली असं कुणी म्हटलं नाही.

आता देण्याचं. तुमच्या दिंडीत भिशी, म्हणजे वारीतल्या जेवणखर्चाचा वाटा, भरणं ज्याला जड जातं असा कुणी असतोच. दिंडीचालकांना आत्ताच फोन करा आणि अशा एकाची भिशी तुम्ही भरा. नाव विचारू नका, त्यालाही तुमचं नाव कळू देऊ नका. पूर्ण भिशी झेपत नसेल तर एका मुक्कामाच्या चहाचा किंवा भाजीचा वाटा उचला. किती लागतो ते दिंडीचालक सांगतील. पैसे आषाढाच्या तोंडावर न देता महिनाभर आधी द्या, किराणा तेव्हाच भरला जातो. आणि चालून चालून पायांचं काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्यांदा निघणाऱ्या दोघा-तिघांना फोनवर बसून सांगा: नवी चप्पल घालून निघू नका, ती महिनाभर आधी वापरा. पायाचा फोड फोडू नका. पावसात भिजलेले मोजे लगेच बदला. हे सांगायला तुमच्यासारखं माणूस पुस्तकात मिळत नाही.

प्रश्न: वय ५८. अर्धांगवायूने डावी बाजू गेली. बायको सगळं करते. मी सारखं ‘तुला किती त्रास देतोय’ म्हणतो, तर ती चिडते. ‘थँक्यू’ म्हटलं तर म्हणते, परक्यासारखं काय बोलता. मग बोलायचं तरी काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर: ‘तुला त्रास देतोय’ या वाक्याने आभार पोचत नाहीत. ते ऐकलं की बायकोला तुमची समजूत काढावी लागते, म्हणजे दिवसभराच्या कामात आणखी एक काम वाढतं. चिडण्याचं कारण बहुधा तेच आहे. हे वाक्य आजपासून बंद करा.

त्याऐवजी जे झालं ते नेमकं सांगा. ‘रात्री दोनदा उठून कूस बदलून दिलीस, सकाळी पाठ दुखली नाही.’ ‘भाकरी मऊ कुस्करून दिलीस, ठसका लागला नाही.’ एवढंच. त्यापुढे ‘पण’ नको, ‘मी मात्र’ नको. दिवसातून एकदा पुरे, आणि शक्यतो ते काम झाल्यावर लगेच. चारचौघांत, तिच्या माहेरच्यांसमोर किंवा मुलांसमोर सांगितलंत तर त्याचं मोल वाढतं. मुलांनाही आईचं काम तेव्हाच दिसतं.

पण बोलण्यापेक्षा तिला वेळ देणं मोठं आहे. आठवड्यातून एक सलग तीन तासांची सुट्टी तिला मिळालीच पाहिजे आणि ती जुळवायचं काम तुमचं. उजवा हात आणि फोन तुमच्याकडे आहे. असं करा:

भाऊ, मेहुणा, मित्र, शेजारी अशा चार जणांना स्वतः फोन करून महिन्यातला एकेक वार वाटून द्या. ‘कधीतरी ये’ म्हटलं की कुणी येत नाही, ‘दुसऱ्या शनिवारी चार ते सात’ म्हटलं की येतं. येणाऱ्यासाठी एक कागद भिंतीला लावा. त्यावर औषधाची वेळ, पाणी कसं द्यायचं (बसवून, हनुवटी किंचित खाली, घोट घोट), लघवीचं भांडं कुठे, कूस कधी बदलायची, डॉक्टरांचा नंबर. पहिल्या वेळी बायकोने जाताना दहा मिनिटं दाखवावं, नंतर तुम्हीच सांगा. हमखास बिघडतं ते इथे: तिच्या सुट्टीच्या वेळात तुम्ही तिला फोन करता, ‘माझा चष्मा कुठे?’ तीन तास तिला फोन करायचा नाही. चष्मा सापडला नाही तरी चालेल.

घरातली काही कामंही उचला. वीजबिल, गॅसची नोंदणी, औषधं संपण्याआधी चार दिवस दुकानदाराला सांगणं, नातवंडांचे पाढे घेणं. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनही देता येतो, त्यासाठी तिला बँकेत रांगेत उभं करू नका. आणि तुमच्या उत्पन्नातून दरमहा ठरावीक रक्कम तिच्या खात्यात तिच्या खर्चासाठी जाऊ दे, हिशेब न विचारता.

प्रश्न: गर्भारपणात सहाव्या महिन्यापासून डॉक्टरांनी बहुतेक वेळ पडून राहायला सांगितलंय. मोबाइलवर वाचून रोज दहा चांगल्या गोष्टी वहीत लिहायला लागले. पहिले चार दिवस छान गेले. आता खोटं खोटं वाटतं, वहीच उघडावीशी वाटत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, दोष तुमचा नाही, दहा आकड्याचा आहे. रोज दहा गोष्टी लिहायला बसलं की चौथ्या दिवशी ‘ऊन छान पडलं’ आणि ‘पंखा चालू आहे’ यावर गाडी येते. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या. दुसऱ्या एका प्रयोगात स्नायू आणि नसांचा आजार असलेल्या लोकांनी एकवीस दिवस रोज लिहिलं आणि त्यांची झोप व मनःस्थिती सुधारल्याचं त्यांनी नोंदवलं. सोनिया ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात तर आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांपेक्षा एकदा लिहिणाऱ्यांना जास्त फरक जाणवला.

तेव्हा वार ठरवा, समजा गुरुवार. तीनच नोंदी, पण प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यात: कुणी केलं, काय केलं, आणि त्यासाठी त्याने काय सोडलं. ‘सासरे चांगले आहेत’ ही नोंद नाही. ‘बाबा दुपारची झोप सोडून सोनोग्राफीचा रिपोर्ट आणायला गेले’ ही नोंद. तिसरा भाग लिहिताना थोडं थांबावं लागतं, आणि खरी कृतज्ञता तिथेच येते. ज्या आठवड्यात भीती वाटत असेल, दुखत असेल, त्या आठवड्यात वही बंद ठेवा. भीती वाटली तर ती डॉक्टरांना आणि घरच्यांना सांगायची असते, तिच्यावर चांगल्या गोष्टींची यादी पांघरायची नसते. लिहिलेल्यातली एक नोंद त्या माणसाला वाचून दाखवा. वहीत राहिलेले आभार त्या माणसाला कधी कळतच नाहीत.

पडून राहिल्याने पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. घोटे वर-खाली हलवण्याचा व्यायाम तुमच्यासाठी किती आणि कधी, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

हात मोकळे आहेत आणि बसायला थोडी परवानगी असेल तर दुपटी शिवा. बाळ येण्याआधी त्याची तयारी करायची नाही असं अनेक घरांत मानतात. तुमच्याकडेही तसं असेल तर ही दुसऱ्यांच्या बाळांसाठी शिवा, त्यात कुणाची हरकत नसते. जुनी, बऱ्याच धुण्यांनी मऊ झालेली सुती साडी घ्या. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आत रुंद असते. काठ काढून एक मीटरचे चौकोन कापले की पाच निघतात. दोन-दोन चौकोन एकमेकांवर ठेवून दोन दुपटी होतात आणि पाचव्या चौकोनाचे लंगोट किंवा पुसायची फडकी. आधी साडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवू द्या. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यात एक थर आटतो आणि दुपट्याला सुरकुत्या येतात. कडा आत दुमडून धावदोरा घाला, मग दर चार बोटांवर आडव्या ओळी. टाके फार ओढू नका, कापड गोळा होतं. काठातली जर, टिकल्या, लेस, बटणं काहीही नको, बाळाची कातडी ओरखडते, आणि सैल बटण तोंडात जातं. कृत्रिम धाग्याची साडी घाम टिपत नाही, ती वापरूच नका. सुया मोजून घ्या आणि मोजून परत ठेवा, अंथरुणात सुई हरवणं धोक्याचं आहे.

देण्याआधी विचारा. काही रुग्णालयं नवजात बाळांच्या कक्षात बाहेरचे जुने कपडे घेत नाहीत. अंगणवाडी सेविकेला गरजू बाळंतिणी ठाऊक असतात, तिच्यामार्फत दुपटं योग्य घरी पोचतं.

प्रश्न: मी ७९ वर्षांची. गुडघ्यांमुळे दोन वर्षं तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरले नाही. पूर्वी दारी आलेल्याला कधी रिकामं पाठवलं नाही. आता माझ्या हातात पैसा नाही, मुलाकडे मागायला नको वाटतं. देण्याची सवय सुटली याचंच जास्त वाईट वाटतं.
— एक आजी, डोंबिवली

उत्तर: आजी, तुमच्या पिढीला मूठ बाजूला काढणं नव्याने सांगायला नको. दळणाआधी, भात धुण्याआधी एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची, ही रीत आपल्याकडे शाळा आणि वसतिगृहं चालवून गेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना गावोगावच्या घरांतून असंच मूठमूठ धान्य जात असे. पणजीतली मुष्टिफंड संस्थाही याच रीतीतून उभी राहिली. तुमच्या खोलीत ही रीत पुन्हा सुरू होऊ शकते.

मोठ्या माणसाच्या मुठीत सुमारे ४० ग्रॅम तांदूळ मावतात. रोज एक मूठ म्हणजे महिन्याला साधारण सव्वा किलो. किंमत शंभरेक रुपयांच्या आत राहते. मुलाला हा आकडा सांगा, मग मागण्याचा संकोच उरणार नाही. सुनेला एवढंच सांगा, की रोज भात लावण्याआधी तांदळाचा डबा तुमच्या पलंगापाशी आणायचा. मूठ तुम्ही भरायची. ती तिने स्वयंपाकघरात परस्पर बाजूला काढून ठेवली तर महिन्याभरात तो तिचा नेम होतो आणि तुम्ही पुन्हा नुसत्या बघत राहता. हात थरथरत असेल तर लहान वाटी वापरा.

साठवायला घट्ट झाकणाचा दोन किलोचा स्टीलचा डबा घ्या. हात कोरडा हवा. पावसाळ्यात ओलसर हाताने चार दाणे भिजले तरी डबाभर कुबट वास येतो. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला दोन थरांत ठेवा. घरासाठी कुणी तांदळाला बोरिक पावडर लावत असेल, पण दुसऱ्याला द्यायच्या धान्याला ती लावू नका. घेणाऱ्याच्या घरी ते दोन पाण्यांत धुतलं जाईल याची खात्री आपल्याला नसते. डाळ आणि तांदूळ एका डब्यात नको. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे डबा भरेपर्यंत थांबणं. सोंडे होतात, जाळी धरते, मग ‘देण्यापुरतं चालेल’ असं म्हणून तेच दिलं जातं. आपण खाणार नाही ते द्यायचं नाही. दर महिन्याला ठरलेल्या तिथीला, संकष्टी म्हणा, पौर्णिमा म्हणा, डबा पूर्ण रिकामा करून पुसून उन्हात ठेवायचा.

कुणाला द्यायचं हे आधी ठरवा आणि एकच ठिकाण ठेवा. सोसायटीत झाडलोट करणारी बाई, इमारतीच्या मागच्या वस्तीतलं एखादं कुटुंब, जवळचं वसतिगृह. वसतिगृहाला सून फोन करू दे: तांदूळ हवा की डाळ? अनेक संस्थांकडे सणावारी तांदूळ-गहू भरपूर येतो, तेल, तूरडाळ आणि अंगाचा साबण कमी पडतो. तसं असेल तर तुमच्या मुठीचे तांदूळ घरात वापरा आणि तेवढ्याच किमतीचा साबण द्या. मूठ तरीही रोज भरा.

दारी येणारा माणूस आता दिसत नाही ही तुमची खंत रास्त आहे. ज्या बाईला धान्य जातं तिला महिन्यातून एकदा वर बोलवा आणि डबा स्वतःच्या हाताने द्या. तिला बसवा, चहा घ्या दोघी. तुम्हाला तिची गरज आहे हे तिलाही कळू दे.

प्रश्न: वडिलांना घरी ऑक्सिजनचं मशीन लावलंय. त्यांच्याच खोलीत देवघर आहे. सांजवात त्यांच्यासमोर लागली नाही तर ते अस्वस्थ होतात. निरांजन लांब ठेवून चालेल का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर: नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ज्योत नकोच: समई, निरांजन, कापूर, उदबत्ती, धूप, काडी, काहीही. नळीतून निसटलेला ऑक्सिजन पांघरुणात, उशीत, सदऱ्यात साठतो आणि मग ठिणगी पडली तर कापड क्षणात पेटतं. मशीन बंद करून लगेच दिवा लावणंही बरोबर नाही, कपड्यांत तो काही वेळ राहतोच. कमीत कमी दहा फुटांचं अंतर सांगितलं जातं, पण आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्याला अर्थ उरत नाही. शिवाय धुराने दमलेल्या फुप्फुसांना त्रास होतो तो वेगळाच.

देवघर दुसऱ्या खोलीत हलवा आणि मधलं दार उघडल्यावर वडिलांना पलंगावरून मूर्ती दिसेल अशी मांडणी करा. खरी वात तिथे, वडिलांच्या खोलीत बॅटरीचा दिवा. तो लावायचं बटण त्यांच्या हातात द्या. सांजेला तो दिवा त्यांनीच लावायचा आणि शुभंकरोती त्यांनीच सुरू करायची, धाप लागली तर नातवंडांनी पुढे न्यायची. नाकपुड्या कोरड्या पडतात म्हणून व्हॅसलीन किंवा कापराचा बाम लावू नका, ऑक्सिजनसोबत तेही धोक्याचं. पाण्याचं जेल कोणतं चालेल ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: अब्बांचं डायलिसिस चालू आहे. रमजानमध्ये डॉक्टरांनी रोजे मना केले. ते गप्प गप्प असतात, इफ्तारला आमच्यासोबत बसतही नाहीत.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे, हे त्यांना ठाऊक असणारच. जो आजार बरा होण्यासारखा नाही त्यात सुटलेल्या प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण, म्हणजे फिदया, द्यायचा असतो. तुमच्याकडे तो किती धरतात ते मशिदीतल्या मौलानांना अब्बांनी स्वतः फोन करून विचारावं. मग ते जेवण कुणाकडे जाणार, त्यात काय असणार, हे रोज त्यांनीच ठरवावं. तुम्ही परस्पर महिन्याचे पैसे भरून टाकू नका, त्यांचं उरलंसुरलं कामही जाईल.

नमाज खुर्चीवर बसून, तेही जमत नसेल तर पडून इशाऱ्याने अदा करता येते. इफ्तारला त्यांची जागा ठेवा आणि दुआ त्यांच्याकडून घ्या. ताटात मात्र काळजी हवी. खजूर, केळी, फळांचा रस यांत पोटॅशियम जास्त असतं, डायलिसिसच्या रुग्णाच्या हृदयाला ते घातक ठरू शकतं. पाण्याचं मापही ठरलेलं असतं. खजूर एक तरी चालेल का, हे त्यांच्या शेवटच्या रक्ततपासणीवरून डॉक्टरच सांगतील.

प्रश्न: आई सहा महिने अंथरुणाला. ‘देवाने आता न्यावं’ म्हणते. आम्ही सांगतो, ‘अगं, मुलं-सुना करतायत, देवाचे आभार मान.’ ती आणखी मिटून जाते.
— एक वाचक, परभणी

उत्तर: हे सांगणं थांबवा. दुसऱ्याने मानायला लावलेले आभार ऐकणाऱ्याला बोलणीच वाटतात.

आधी शरीर तपासा. दुखणं अंगावर काढतायत का? पोट किती दिवसांनी साफ होतं? ऐकायला, दिसायला नीट येतं का? कुशीवर, माकडहाडापाशी लाल चट्टा आहे का? तसा असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायला लागा आणि डॉक्टरांना दाखवा. यातलं एखादं दुरुस्त झालं की माणूस पुष्कळदा बोलायला लागतं. मग ‘न्यावं’ म्हणण्यामागे काय आहे ते विचारा आणि उत्तर ऐकून घ्या, खोडू नका. पुष्कळदा त्यामागे ‘मी ओझं झाले’ असतं. त्याला उत्तर म्हणजे तिच्याकडून खरोखर काहीतरी मागणं: लोणच्याचं प्रमाण, लग्नातली रुखवताची यादी, कुळाचाराची रीत. ती सांगेल तसं करा आणि केलेलं तिला चाखायला, बघायला आणा.

झोप, भूक, बोलणं दोन आठवड्यांहून जास्त मंदावलेलं असेल तर ते म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका, नैराश्यावर याही वयात उपचार होतात. मनाच्या आजारांसाठी ‘टेलीमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ आहे. जिवाचं काही करून घेण्याची भाषा असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न: घरबसल्या मोबाइलवरून देणगी देते. खरं-खोटं कसं ओळखावं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: फिरत आलेल्या संदेशातल्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका. संस्थेच्या कार्यालयाला तुम्ही शोधलेल्या नंबरवर फोन करा आणि खात्याचं नाव संस्थेचंच आहे ना ते पैसे जाण्याआधी पडद्यावर वाचा. तिथे एखाद्या व्यक्तीचं नाव आलं तर थांबा. आधी लहान रक्कम, पावती आली की पुढची. करसवलत हवी असेल तर ती जुन्या करप्रणालीतच मिळते, दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीला आणि वस्तूंना मिळत नाही. फसवणूक झालीच तर तासाभराच्या आत १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी क्रमांकावर कळवा, पैसे गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

प्रश्न: वय ८४, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, मधुमेह आहे. बाहेर पडत नाही. माझ्याकडे देण्यासारखं आता काय उरलं?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: डोळे. नेत्रदानाला वयाची अट नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, चष्मा, मधुमेह, रक्तदाब यांनी अडत नाही, कारण दुसऱ्याच्या कामी येतो तो पुढचा पारदर्शक पडदा. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्तातला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग असेल तर डोळे घेत नाहीत.

नेत्रपेढीचा फॉर्म घरी मागवून भरता येतो, पण फॉर्मपेक्षा घरच्यांची तयारी महत्त्वाची. त्या वेळी संमती जवळच्या नातेवाइकांनाच द्यायची असते आणि नुसता फॉर्म कपाटात राहिला तर दान होत नाही. बहुतेक ठिकाणी बिनसतं ते इथेच. रडारडीत कुणाला आठवत नाही, आठवतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं.

म्हणून मुलगा, सून आणि शेजारच्या एकाला एकत्र बसवून सांगा आणि एक कागद फोनजवळ चिकटवा. त्यावर मोठ्या अक्षरांत: नेत्रपेढीचा नंबर. पंखा बंद करा, वातानुकूलन असेल तर चालू ठेवा. पापण्या मिटवा, वर स्वच्छ पाण्याने भिजवलेला कापूस ठेवा. डोक्याखाली उशी द्या. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवा. पथक घरी येतं, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, थोडं रक्त तपासणीला घेतात, चेहरा विद्रूप होत नाही, पैसे लागत नाहीत. अंत्यसंस्कारांना उशीर होत नाही, हे भटजींना किंवा पाद्रींना आधीच सांगून ठेवलंत तर त्या दिवशी घरात वाद होणार नाही. देहदान करायचं असेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. आधी नेत्रदान आणि मग देहदान, दोन्ही होऊ शकतं. त्या कागदाखाली तुमची सही आणि तारीख टाका, आणि दर वर्षी वाढदिवसाला नेत्रपेढीचा नंबर बदलला नाही ना, ते फोन करून पाहा.